दातांत धरलेला धागा

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं. फार पूर्वीचं एक साधंसुधं गाव होतं आणि त्या अख्ख्या गावात मिळून पांगुळगाडा एकच होता. फणसाच्या लाकडाचा, तीन चाकांचा, इवल्या इवल्या हातांनी गुळगुळीत झालेला. एका घरचं पोर चालायला लागलं, की गाडा गूळखोबऱ्यासकट पुढच्या घरी जायचा. अशी तिथली रीत होती.

पण एकदा गाडा विणकर साळ्याच्या घरी गेला, तो तिथेच अडकला. साळ्याच्या बायकोला पुष्कळ नवसांनंतर मुलगा झाला होता. सगळे त्याला नवसूच म्हणत. त्याच्या बरोबरीची पोरं आंब्यावर चढायला लागली, तरी नवसू आपला कमरेत वाकून गाडा ढकलत खडखड फिरायचा.

पारावर यावर रोज वाद रंगायचा.

शेतकरी म्हणायचा, "पोर भातासारखं असतं. वेळ आली की आपोआप वाढतं."

कुंभार म्हणायचा, "वा रे वा! थापल्याशिवाय मडक्याला तरी आकार येतो का?"

दोघं अगदी हमरीतुमरीवर यायचे. तोवर नवसू गाडा खडखडवत पारासमोरून निघून गेलेला असायचा.

एके दिवशी समोरची कासारीण आली. म्हणाली, "वहिनी, आमची चिमी भिंत धरून उभी राहते आता. गाडा कधी देता?"

साळिणीचे डोळे भरून आले. "कसा देऊ गं? त्यानं हात सोडला की पडतो. जन्मभर असाच राहिला तर माझा नवसू?"

कासारीण रिकाम्या हातांनी परत गेली.

नवसूने गाड्यावरचा हात नुसता उचलला, तरी साळीण मागावरून ओरडायची, "अगं बाई, पडला!" आणि नवसू खरंच पडायचा. मग ती धावायची, उचलायची, फुंकर घालायची. आईच ती, तिचं काय चुकलं!

त्या दिवशी दुपारी मागावरचा एक धागा तुटला. साळिणीने त्याचं एक टोक दातांत धरलं आणि दोन्ही हातांनी दुसरं टोक शोधायला लागली. तेवढ्यात दारातून तिला दिसलं, गल्लीतल्या दगडाला गाड्याचं चाक अडलंय. पलीकडे कासाराच्या दारात चिमी टाळ्या पिटतेय. आणि नवसूने दोन्ही हात सोडले!

साळीण ओरडणारच होती. पण तोंड उघडावं तर धागा सुटतो, आणि विणणारा माणूस दातांतला धागा सहसा सोडत नाही.

नवसूने पाऊल टाकलं. दुसरं टाकलं आणि धप्पकन पडला. पडल्या पडल्या त्याने सवयीने आईकडे पाहिलं. आई गप्प. त्याने थोडी वाट पाहिली. तिचं ओरडणं काही ऐकू येईना. म्हणजे विशेष काही झालं नसावं, असं बहुधा त्याला वाटलं. तो गुडघे झाडत उठला.

आता साळिणीला उमगलं. रोज आधी ती ओरडायची, आणि पोर पडायचं ते मागाहून. मातीला तो कधी भ्यालाच नव्हता. तो तिच्या ओरडण्याला भीत होता.

तिने धाग्याला गाठ मारली. तोंड मोकळं झालं. नवसू पुन्हा डुगडुगला आणि हाक अगदी ओठांपर्यंत आली. तिने पदराचा बोळा केला आणि स्वतःच्या हाताने तोंडात कोंबला.

नवसू आणखी एकदा पडला. उठला. कासाराच्या उंबऱ्याला जाऊन टेकला आणि खदखदून हसला. साळीण मागावर बसल्या बसल्याच ढसाढसा रडली. केवढं मोठं ओझं उतरलं होतं तिच्या छातीवरचं!

दिवस मावळायच्या आत गाडा चिमीच्या घरी गेला. गूळखोबऱ्यासोबत साळिणीने हाताने विणलेलं एक फडकंही ठेवलं.

कासारिणीने विचारलं, "हे कशाला? चिमीचं तोंड पुसायला?"

"छे गं!" साळीण म्हणाली. "गाडा चिमीला. फडकं तुला, दातांखाली धरायला."

पुढे त्या गावात गाडा कधी एकटा गेला नाही. सोबत ते फडकंही जायचं. गाडा अजून मजबूत आहे म्हणतात. फडकी मात्र चावून चावून कितीतरी बदलावी लागली.

तात्पर्य काय, तर मूल पडलं की आधी आपल्याकडे बघतं. आपण घाबरून ओरडलो नाही, तर ते आपलं आपण उठतं.