कोरडा राहिलेला डावा खांदा

घाटाच्या पायथ्याला पाणघोळ नावाचं गाव आहे. तिथला पाऊस असा, की श्रावणात बेडूकसुद्धा ओसरीवर चढून बसतात आणि "पुरे हो आता!" म्हणतात. खोटं वाटत असेल तर पाणघोळच्या बेडकांना विचारा. अशा गावात सदोबा महाराज मठी बांधून राहिले होते.

गावचे खोत दाजीबा. रामरक्षा तोंडपाठ, पण मूठ घट्ट. त्यांच्या आंब्यावर मधमाश्यांचं थोरलं पोळं होतं. एके दिवशी लखू शिंपी दारात आला.

"धनी, मध तुमचा तुम्हाला. मला नुसतं मेण द्या. डगल्याला लावायचंय."

"डगल्याला? का, रोट्या करून खाणार आहेस त्याच्या?"

लखूने समजावलं. मेण आणि जवसाचं तेल एकत्र कढवायचं, कोमट असतानाच मांजरपाटाच्या डगल्यावर चोळायचं, वरून निखारे भरलेला तांब्या फिरवायचा. शिवणीवर दोनदा चोळायचं, कारण पाणी सुईच्या भोकातूनच आत शिरतं. पावसात घाट चढणाऱ्यांसाठी असा डगला कर, असं महाराजांनीच त्याला सांगितलं होतं.

खोत खदखदून हसले. "कापडाला तेल पाजून पाऊस अडतो होय रे? मग मी म्हशीला तूप चोळतो, ती उडेल! नीघ. आंबा माझा, माश्याही माझ्या."

घरात होतं तेवढं मेण लखूने लावलं. नेमका डावा खांदा कोरा राहिला. खोत चावडीवर सांगत सुटले, "शिंप्याचा डगला पाहिलात? एक खांदा पावसाला आंदण दिलाय!"

आठ दिवस गेले आणि खोतांच्या वीस दिवसांच्या नातवाची छाती कफाने भरली. वैद्य घाटावर, म्हातारे, गुडघ्यांनी अधू. बाळालाच न्यायला हवं, आणि त्याला पाण्याचा थेंब लागता कामा नये. खोतांची छत्री अंगणातच उलटी झाली. इरलं वाऱ्याने पळवलं. घोंगडं पाणी पिऊन रेड्याएवढं जड झालं. तेवढ्यात लखू डगला घालून दारात उभा.

"धनी, द्या बाळ इकडं."

त्याने बाळाला छातीशी घेतलं, डोकं डाव्या खांद्याशी टेकवलं आणि वरून डगल्याच्या गुंड्या लावल्या. तोच खांदा! खोतांनी पाहिलं, आपण नाकारलेल्या मेणाएवढीच जागा उघडी होती.

लखू घाटाकडे निघाला, तसे खोत धावत मठीत गेले. महाराज उजवा हात पुढे पालथा धरून बसले होते.

"महाराज, नातवाला सांभाळा!"

"बस, दाजीबा. हात गुंतलाय."

खोत बसले. थोड्या वेळाने महाराजांच्या हातावरून पाणी टपटपू लागलं. खोतांनी वर पाहिलं.

"महाराज, छप्पर गळतंय."

"छप्पर धड आहे, बाबा," महाराज म्हणाले. "गळतंय ते दुसरीकडे."

दिवस कलला तशी धार थांबली. महाराजांनी हात खाली घेतला, आणि बाहेर लखूची हाक आली. निथळत आत येऊन त्याने गुंड्या सोडल्या. वैद्यांची मात्रा लागू पडली होती. बाळ सुखाने श्वास घेत झोपलं होतं, आणि दुपटं खडखडीत कोरडं!

"लखू... तो खांदा?" खोतांनी कसंबसं विचारलं.

"काय सांगू, धनी! जाता-येता त्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता. मला वाटलं तुम्हीच मागून येताय. शिव्या बसतील म्हणून वळून नाही बघितलं!"

खोतांनी महाराजांच्या हाताकडे पाहिलं. बोटं दिवसभर पाण्यात बुडून राहावीत तशी सुरकुतली होती. खोतांनी धाडकन महाराजांच्या पायांवर लोळण घेतली.

"माझा हातच भिजला रे," महाराज म्हणाले. "पावसात घाट चढला तो हा."

तेव्हा खोत उठले आणि शिंप्यापुढे वाकले. लखू "अहो, धनी!" म्हणत मागे सरला, पण त्यांनी त्याच्या डाव्या खांद्यावर कपाळ टेकलंच. दिवसभराच्या पावसात न भिजलेला तो खांदा तेव्हा पहिल्यांदा ओला झाला.

पोळ्याचं मेण त्या दिवसापासून मठीचं झालं. पाणघोळात आजही डगल्याला मेण चोळायची सुरुवात डाव्या खांद्यापासून होते. आपल्यावर ज्यांचा हात आहे, त्यांना पुन्हा कशाला भिजवायचं?