करकरणारा पाळणा

फार पूर्वी समुद्रकाठी एक श्रीमंत राज्य होतं. मागे डोंगरभर सागवान, पुढे गजबजलेलं बंदर. पण तिथल्या घराघरांत बसायचा पाटसुद्धा परमुलखातून जहाजाने यायचा. मग सागाचं काय करत? अंघोळीच्या बंबात जाळत! श्रीमंतीची धुंदी चढली की माणसाला दारातलं दिसत नाही, हेच खरं.

ही हौस मूळची राणीची. ती लग्न होऊन आली तेव्हा म्हाताऱ्या राजसुताराने तिच्यासाठी झोपाळा घडवला. राणी बसली आणि झोपाळा करकरला.

"शी! हा तर करकरतो," राणी म्हणाली.

"नवा आहे, राणीसाहेब. थोडं तेल घातलं की गप्प होईल."

राणीने ऐकलं नाही. झोपाळा बंबात गेला, त्याच्या जागी परदेशी आला. राजवाड्याचं पाहून साऱ्या शहराने तोच कित्ता गिरवला. सुतारआळी ओस पडली. जाणत्या सुतारांनी गाव सोडलं, शिकाऊ पोरांनी बंदरावर हमाली धरली.

पुढे पुष्कळ नवससायासांनी राणीला मुलगी झाली. त्या राज्यात बारशाला कोरा पाळणाच लागे. दुसऱ्याचं बाळ निजलेला चालत नसे. परदेशी पाळणा जहाजाने निघालाही होता. तेवढ्यात समुद्रात लढाई पेटली आणि जहाजं बंद झाली.

राणी स्वतः सुतारआळीत गेली. म्हातारा राजसुतार ओट्यावर बसला होता.

"बाबा, माझ्या लेकीला पाळणा करून द्या हो."

त्याने थरथरते हात पुढे केले. "आता रंधा धरवत नाही, राणीसाहेब."

"मग तुमच्या मुलाला सांगा."

"त्याला शिकवलंच नाही. कुणासाठी शिकवायचं होतं?"

राणी तशीच माघारी फिरली.

बारसं झालं, ते लुगड्याच्या झोळीत. बायकांनी बाळ झोळीखालून वर घेतलं, नाव ठेवलं; पण पाळणा म्हणताना कुणाचा सूर लागेना. राणीने पदर डोळ्यांना लावला. आपलीच करणी आपल्या लेकीला भोवली, हे तिला पुरतं कळलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हाताऱ्याकडे गेली. "बाबा, हात थकले, पण नजर शाबूत आहे ना? मी माणसं पाठवते. त्यांना शिकवा."

"लाकूड वाया जाईल, बोटं कापतील. तेवढा धीर धराल?"

"धरीन."

किती पाळणे मोडले, किती वाकडे झाले! राणी रागावली नाही. शेवटी एक पाळणा धड उभा राहिला आणि राजवाड्यात आला. राणीने झोका दिला. पाळणा करकरला. नवे सुतार भीतीने एकमेकांकडे पाहू लागले.

"करकरू दे," राणी म्हणाली.

तिने लेकीला हाक मारली. राजकन्या दुडुदुडु चालत आली आणि पाळण्याची कड धरून उभी राहिली. आता तिचे पाय त्यात मावणार नव्हते.

राणी बराच वेळ रिकामा पाळणा हलवत बसली. मग तिने डोळे पुसले. "कोराच आहे अजून," ती म्हणाली आणि तो पाळणा तिने कोळीवाड्यातल्या एका नव्या बाळंतिणीकडे पाठवून दिला.

तात्पर्य: परमुलखातली वस्तू खुशाल आणावी, पण तिच्यासाठी घरचा कारागीर धंद्यातून उठवू नये. वस्तू विकत मिळते. घडवणारा हात वेळेवर विकत मिळत नाही.