किसणीचे दात

फार जुनी गोष्ट नाही, पण किसण्या अजून बोलायच्या तेव्हाची आहे. मृणालिनीबाईंना उजेडाचे फोटो काढायचा नाद होता. भर दुपारी त्या स्वयंपाकघराचे पडदे ओढायच्या, पेल्यामागे नाहीतर झाऱ्यामागे बॅटरी धरायच्या आणि भिंतीवर जे उमटेल ते टिपायच्या.

एकदा किसणीची पाळी आली. तिच्या भोकांतून भिंतभर चांदणं सांडलं. जन्मभर गाजर-काकडीशी झटलेली किसणी हरखून गेली.

"छान आहेस," कॅमेरा म्हणाला, "पण तुझे दात मधे येतात."

"मग काढा ते," किसणी म्हणाली.

शेजारी खुंटीवर चाळणी होती. ती म्हणाली, "अगं, दात गेल्यावर तुला किसणी कोण म्हणेल?"

"तू तुझं पीठ चाळ."

बाईंनी हातोडीने एकेक दात ठोकून सपाट केला. फोटो झकास आला. चौकटीत बसून तो दिवाणखान्यात लागला.

एका पाहुण्याने विचारलं, "हा फोटो कशाचा हो?"

"कशाचाच नाही," बाई म्हणाल्या. "नुसता उजेड आहे."

आत किसणीने ते ऐकलं. त्याच आठवड्यात बाईंनी तिच्यावर गाजर घासलं, ते नुसतंच घसरलं. "ही गेली कामातून," म्हणत त्यांनी किसणी भंगारवाल्याला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी पुन्हा पडदे ओढले आणि बॅटरी लावली. सगळं डोळ्यांनी पाहिलेली चाळणी खुंटीवरच्या खुंटीवर हळूच उजेडाकडे वळली.