सातव्या व्हिडिओतली अकरा मिनिटं

“सर, सातव्या व्हिडिओत मध्येच अकरा मिनिटं तुम्ही काहीच बोलत नाही. असं का?”

पायातली चप्पल काढायच्या आधीच तिने विचारलं.

काझी सर ओट्यावर बसून लसूण सोलत होते. चौतीस वर्षं विहिरी आणि बोअर तपासण्यात घालवलेला माणूस. आता निवृत्त आहेत, आणि नोकरी करणाऱ्या लोकांना मोबाइलवरून पाण्याचं शास्त्र शिकवतात. चौदा व्हिडिओ, प्रत्येकाच्या शेवटी परीक्षा, सगळं पुरं झालं की प्रमाणपत्र.

ते व्हिडिओ मी काढले. मी शेळके, तालुक्याला माझा फोटो स्टुडिओ आहे. आयुष्यभर लग्नं शूट केली, त्यामुळे लोक कशाला कंटाळतात ते मला बरोबर कळतं. ती अकरा मिनिटं मी कापून टाकली होती. सरांनी ती परत घालायला लावली. एक माणूस हापसा मारतोय, पाणी पडतंय, बास. दोन दिवस मी सरांवर धुसफुसत होतो. तेव्हा या बाईंचा प्रश्न मला मनापासून पटला, खोटं कशाला बोलू.

“तू कोण, बेटा?”

“तृप्ती गजभारे. पाणी तपासणाऱ्या संस्थेत आहे, सहा वर्षं झाली. तुमच्या सगळ्या परीक्षांत मला पैकीच्या पैकी आहेत, सर. एकही उत्तर चुकलेलं नाही.”

“छान.”

“पण कोर्स शहाण्णव टक्क्यांवर अडकलाय. ती रिकामी अकरा मिनिटं मी व्हिडिओ पुढे ढकलून टाळली, म्हणून प्रमाणपत्रच निघत नाही. सोमवारी मुलाखत आहे, प्रयोगशाळा प्रमुखाच्या जागेसाठी. तुम्ही तेवढं मोकळं करून दिलंत तर...”

“बाकीचे व्हिडिओ पाहिलेस?”

“सगळे पाहिले. दुप्पट वेगाने. नोकरी करून एवढा वेळ कुणाकडे असतो, सर?”

सर हसले. पाकळीचं साल काढून बाजूला ठेवलं.

“शेवटचा नमुना कुठे घेतलास?”

“इथेच. तुमच्या गावातल्या शाळेच्या हापशाचा, गेल्या आठवड्यात. पाणी उत्तम निघालं. आत्ताच रिपोर्ट शाळेच्या भिंतीवर लावून आले. दिवाळीची सुट्टी संपली ना, उद्यापासून मुलं येतील.”

सरांचा हात थांबला.

“गेल्या आठवड्यात... म्हणजे सुट्टीतच. तेव्हा हापसा किती दिवस बंद होता?”

“दोन आठवडे तरी.”

“बाटली धरायच्या आधी किती हापसलंस?”

“पाच-सहा वेळा. मग त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळली, नियमाप्रमाणे.”

“पाइपात साचलेल्या पाण्याचं काय करायचं असतं?”

“आधी काढून टाकायचं, मगच नमुना घ्यायचा.” तिने घडाघडा सांगितलं. “सहाव्या परीक्षेत होता हा प्रश्न. माझं उत्तर बरोबर आलं होतं.”

“हो. गुण दिलेत मी.”

...

सर उठले. लसणाचं ताट तसंच राहिलं. “पेटी घे तुझी,” एवढंच म्हणाले आणि चालायला लागले. मी पण निघालो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मागे राहणाऱ्यातला मी नाही.

शाळेच्या आवारात कुणी नव्हतं. सरांनी हापशाखाली बादली ठेवली, तिच्या पेटीतलं पेनासारखं मीटर काढून बादलीच्या कडेला आत अडकवलं. पाण्यात क्षार किती, ते हे मीटर आकड्यात दाखवतं.

सरांनी तिचा हात धरून हापशाच्या दांड्यावर ठेवला.

ती हापसायला लागली. सर कट्ट्यावर बसले.

“किती वेळ, सर?”

...

मीटरवर आकडा होता चारशे बारा. तिने जोर लावला. दुप्पट वेगाने दांडा खालीवर व्हायला लागला, बादली भरून वाहिली. चौथ्या मिनिटाला बाईंचा दम संपला आणि वेग आपोआप साध्या माणसासारखा झाला. आकडा पाचशे तीस.

“मगाशी चारशे होता,” ती म्हणाली.

सरांनी कट्ट्यावर मांडी घातली.

मी म्हटलं, “सर, काहीतरी बोला की. व्हिडिओत नाही बोललात, निदान इथे तरी बोला.”

...

मग दांडा माझ्याकडे आला. हापसता हापसता मी मनातल्या मनात सरांना काय काय म्हटलं, ते इथे लिहीत नाही. पण एक सांगतो, आकडा चढत होता. सातशे. सातशे ऐंशी. ती मीटरवरून नजर हलवत नव्हती.

थोड्या वेळाने तिने घड्याळ पाहिलं आणि पेटीतून नवी बाटली काढली.

“झाली अकरा मिनिटं.” तिचा चेहरा खुलला होता. “कळलं मला सर, खरंच कळलं. अकरा मिनिटं पाणी जाऊ द्यायचं आणि मग नमुना घ्यायचा.”

मलाही तेच वाटलं. दांडा सोडून मी घाम पुसला. ती झाकण फिरवू लागली.

सरांनी तिच्या हातातली बाटली काढून घेतली. झाकण पुन्हा घट्ट बसवलं आणि बाटली मांडीवर घेऊन बसले.

“अकरा झाली, सर.”

सरांनी मीटरकडे बोट दाखवलं. आठशे अडुसष्ट.

...

तिने ओढणी कमरेला खोचली आणि पुन्हा दांडा धरला.

नऊशे चाळीस. एक हजार वीस. मग चढण मंदावली. अकराशे. अकराशे चार. मी मोजत होतो, एकोणिसावं मिनिट होतं. पुन्हा अकराशे चार. आणखी थोडं हापसून पाहिलं, तरी अकराशे चारच; साचलेलं पाणी संपून आता जमिनीतलं ताजं पाणी येत होतं.

सरांनी बाटली पुढे केली.

तिने बाटली तीनदा विसळली, भरली, झाकण लावलं. मग पेटीतून नायट्रेटची पट्टी काढली. शेतातल्या खताचं किंवा संडासाच्या खड्ड्याचं पाणी खाली मुरलं असेल, तर ही पट्टी गुलाबी होते. तिने ती बादलीतल्या पाण्यात बुडवून वर धरली.

पट्टी गुलाबी झाली. मग आणखी गडद. डबीवरच्या रंगांशी तिने ती ताडून पाहिली, शेवटच्या, सगळ्यात धोक्याच्या रंगाशी जुळली.

साठ लेकरं उद्या मधल्या सुट्टीत याच हापशाला ओंजळ लावणार होती. समोर भिंतीवर रिपोर्ट होता, “पिण्यास योग्य”, खाली सुंदर अक्षरात सही.

“म्हणजे गेल्या आठवड्यात मी...” ती त्या सहीकडे बघत होती. “मी फक्त पाइपातलं पाणी तपासलं.”

...

तिने फोन लावला. “मुख्याध्यापक सर, मी गजभारे. माझा रिपोर्ट चुकलाय. चूक माझीच आहे, प्रयोगशाळेची नाही. उद्या एकाही मुलाला हापशाचं पाणी पिऊ देऊ नका. सकाळी जारची सोय करून मी स्वतः येते.”

मग भिंतीपाशी गेली आणि स्वतःच्या सहीचा कागद स्वतःच्या हाताने काढला. हापशाचा दांडा दोरीने करकचून बांधला.

मला राहवलं नाही. “आणि सोमवारची मुलाखत, बाई?”

“बघू. आधी ही बाटली प्रयोगशाळेत पोचू दे.”

खरं सांगतो, त्या क्षणी ती मला एकदम आवडली. शहाण्णव टक्क्यांचं नावही तिने काढलं नाही.

पेटी उचलून ती सरांसमोर उभी राहिली. तळहाताला फोड आला होता.

“सर, ती अकरा मिनिटं मी आज घरी जाऊन बघते. एक सेकंदही न ढकलता.”

सर गुडघ्यावर हात टेकत उठले. बादलीतलं पाणी शाळेच्या फुलझाडांना घातलं, बादली पालथी ठेवली.

“बघ, बेटा. पण तो हापसा दुसऱ्या गावचा होता.”