त्रेचाळिसावे पान

एकदा एक विद्यार्थिनी भर दुपारी हजेरीपुस्तक हातात घेऊन आपल्या वृद्ध गुरुजींसमोर येऊन उभी राहिली. तिच्या नावापुढे सलग तीन दिवस गैरहजेरीची लाल खूण होती. आणि ते तिन्ही दिवस ती सकाळी सातपासून तिथेच बसलेली होती.

गुरुजी म्हणजे एक निवृत्त संस्कृत शिक्षक. एका जिल्ह्याच्या गावी ते अभ्यासिका चालवीत. अभ्यासिका म्हणजे साठ खुर्च्या, साठ टेबले आणि बोलण्यास सक्त मनाई. तिथली एक जुनी रीत होती. चहाला उठायचे असेल तर खुर्चीवर रुमाल ठेवून जावे. रुमाल आहे तोवर जागा राखलेली समजत. मात्र कुणी तीन दिवस गैरहजर राहिले, तर त्याची खुर्ची प्रतीक्षायादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला जाई.

त्या विद्यार्थिनीला, यशोधराला, ही खुर्ची गमावून चालणार नव्हते. दहावीला गावात पहिली आलेली ही मुलगी इथे महाविद्यालयाच्या पहिल्याच सत्रात दोन विषयांत नापास झाली होती. "पुन्हा असं झालं तर सामान बांधायचं," असे वडिलांनी स्पष्ट सांगितले होते. खोलीवर चौघीजणी राहत. तिथे पुस्तक उघडायलाही जागा नव्हती.

"गुरुजी, मी इथंच होते. जेवणाशिवाय उठलेसुद्धा नाही," ती म्हणाली.

"हजेरी मी स्वतः फिरून घेतो, बाळ."

'मग चष्मा बदला,' हे अगदी तिच्या ओठांवर आले होते. ते गिळून तिने फोन काढला. आपल्या टेबलाचा फोटो ती रोज समाजमाध्यमावर टाकीत असे. रसायनशास्त्राचे उघडे पुस्तक, शेजारी रंगीत पेने आणि वर ठळक अक्षरांत 'आज दहा तास!' फोटो पुढे करून ती म्हणाली, "हे बघा. सोमवार, मंगळवार, बुधवार. वेळसुद्धा आहे."

गुरुजींनी फोन डोळ्यांजवळ नेला. एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला, आणि पुन्हा पहिल्यावर आले. मग फोन तिच्यापुढे धरून म्हणाले, "पानाचा आकडा वाच बरं."

"त्रेचाळीस."

"मंगळवारचा?"

"त्रेचाळीस."

बुधवारचा तिने वाचलाच नाही. फोटोखाली लिहिले होते की तो दोनशे बारा जणांना आवडला.

"दोनशे बारा माणसं," गुरुजी म्हणाले. "आणि पोरी, पान तेच आहे हे एकाच्याही लक्षात आलं नाही."

यशोधराला रडू कोसळले. अभ्यासिकेत रडण्याचाही आवाज करायचा नसतो, म्हणून तिने ओढणी तोंडाशी धरली. "मला कळतं हो, गुरुजी. पण इथं दिवसभरात मला कुणी हाक मारत नाही. खोलीवरच्या मुली आपापल्या कानात हेडफोन घालून बसतात. फोटो टाकला की वाटतं, कुणीतरी बघतंय आपल्याकडे. मग कुणी कुणी बघितलं ते बघत बसते. त्यातच संध्याकाळ होते."

गुरुजींनी फोन तिला परत दिला. फोनविरुद्धचे एक खणखणीत भाषण त्यांनी तयार ठेवले असावे. ते त्यांनी केले नाही.

"चहाला जाणारा रुमाल ठेवून जातो," ते हळू आवाजात म्हणाले. "तू रुमालाऐवजी स्वतःलाच खुर्चीवर ठेवून जात होतीस. मी फेरीला आलो तेव्हा तिन्ही दिवस तू फोनमध्येच होतीस; वाचणाऱ्यालाच मी हजर धरतो, म्हणून लाल खूण केली. पण अर्धी चूक माझी आहे. साठ मुलांना मी एका खोलीत आणून बसवलं आणि कुणी कुणाशी बोलायचं नाही असा नियम केला. सगळे गप्प आहेत म्हणजे अभ्यास चालला आहे, असं मी समजत आलो. खुर्ची तुझीच राहील. फक्त उद्यापासून रोज चार वाजता व्हरांड्यात यायचं, आणि जे वाचलं ते मला सांगायचं."

तिने डोळे पुसले. "तुम्हाला रसायनशास्त्र येतं?"

"एक अक्षर येत नाही. म्हणून तर तुला नीट सांगावं लागेल."

दुसऱ्या दिवशी ती दोन पाने वाचून आली. दुसऱ्याच परिच्छेदावर गुरुजींनी "म्हणजे काय?" असे विचारले आणि ती अडखळली. आत गेली, पुन्हा वाचून आली, पुन्हा सांगू लागली. दप्तरात फोन दोनदा थरथरला, ते दोघांनीही ऐकले. तिचा हात तिकडे गेला आणि थांबला, कारण समोरचा म्हातारा पुढच्या वाक्याची वाट पाहत होता. गुरुजींना तरी कुणी चार वाक्ये सलग सांगून किती दिवस झाले होते! त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"हं. पुढं?"

किती तास अभ्यास केला, हे आपण सगळेच आपल्या मुलांना विचारतो. काय वाचले ते ऐकत त्यांच्यासमोर बसून पाहावे; त्यासाठी आपल्याला तो विषय यावा लागत नाही.