राणीचं जितं पोवळं

लई जुनी गोष्ट. इतकी जुनी, की खोटी आहे म्हणायला साक्षीदारसुद्धा उरला नाही. तेव्हा गुमान ऐका.

समुद्रापासनं लांब, डोंगरापलीकडं एक राज्य होतं. तिथल्या राणीला हौस भारी. तिनं महालात कमरेइतकं उंच काचेचं टाकं बांधलं होतं. त्यात रांजण रांजण भरून समुद्राचं पाणी गाडीनं आणून ओतलं, मासे सोडले. शंखात राहणारा एक म्हातारा खेकडापण होता. तो कुणी सोडला नव्हता. रांजणातनं फुकट आला होता.

त्याच साली राणीनं दोन नव्या गोष्टी घरात आणल्या. एक सून, समुद्रकाठच्या राजाची लेक. आणि एक जितं पोवळं, सुनेच्याच गावच्या बंदरावरच्या कोळणीकडनं विकत घेतलेलं. माळेतला लाल मणी नव्हे बरं. जिवंत. हिरवंगार, टोकाला जांभळं, आणि अंगभर बारीक बारीक तोंडं, फुलासारखी उमलणारी.

सुनेनं ते बघितलं आणि माप ओलांडल्यापासनं पहिल्यांदा हसली. सगळ्या महालात तेवढं एकच तिच्या गावचं होतं.

कोळणीनं बजावलं होतं, "राणीसाहेब, ह्याचं पाणी खारट आन् तुमचंबी खारट, पण दोन्ही एक नव्हं. तुमचं पाणी ह्याच्या भांड्यात पळीपळीनं घाला, सकाळपासनं दुपारपत्तुर. मग तळाला ठेवा, सावलीत. मिटून बसलं तर बसू द्या. उमललं की आठवड्याला एकेक वीत वर घ्या. आन् हात लावू नका."

राणी म्हणाली, "अगं बाई! आमच्या घरी पाहुण्याला दारात ताटकळत ठेवत नाहीत."

आणि भांडं एकदम टाक्यात उपडं केलं. नवं माणूस आलं म्हणून ओवाळलं. हळद-कुंकवाची चिमूट पाण्यात सोडली. मग पोवळं सगळ्यात वरच्या कपारीत बसवलं, खिडकीच्या उन्हात. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला नको?

पोवळं मिटलं.

खेकडा खालनं म्हणाला, "नवीन आहेस. हलू नकोस, दम धर."

"हलतंय कोण?" पोवळं म्हणालं. "मला हलवतायत!"

खरंच होतं. रोज गावातल्या बाया मुखदर्शनाला यायच्या. राणी आधी सुनेचा पदर वर करायची. बाया रंग बघायच्या, दात बघायच्या. मग राणी पोवळं बाहेर काढायची, चांदीच्या ताटात ठेवायची आणि बोटानं टोचायची. "उघड गं तोंड. एवढी माणसं आलीत."

एक दिवस सून हळूच म्हणाली, "आईसाहेब, तळाला ठेवू या का? आमच्याकडं..."

"आमच्याकडं?" राणी म्हणाली. "आता तुझं आमच्याकडं म्हणजे हे घर. तिकडचं तिकडं."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तुम्हीपण हसला असता.

दुपारी राणी वामकुक्षीला गेली, तशी सुनेनं बाह्या वर केल्या. पोवळं उचललं, तळाशी सावलीत दगडाआड ठेवलं आणि काचेला नाक लावून बसली. ते तीन दिवस तिथं राहिलं. राणीला सर्दी झाली होती, म्हणून कुणी विचारलं नाही. चौथ्या दुपारी एक तोंड उमललं. एकच, मोहरीएवढं.

"अगं सांगू नकोस कुणाला," खेकडा म्हणाला. "आनंद झालेला दिसला तर काढून घेतात."

पण तिला हसू लपवता आलं नाही. राणीनं ते बघितलं.

"माझं पोवळं लपवलंस? जावेला चार दिवसांनी जेवायला बोलावलंय, आणि हे दगडाआड?"

पोवळं परत वर गेलं. उन्हात.

चौथ्या दिवशी ते पांढरं झालं. खोबऱ्यासारखं, टोकापासनं बुडापर्यंत. राणीनं टाळ्या पिटल्या. "आमच्या घरचं पाणी मानवलं बघा! कसं गोरंपान झालं!"

जाऊ आली. तिनं बघितलं आणि जळली. "कुठनं घेतलंस गं? मलापण पाहिजे." बायांनी दृष्ट काढली. जिलेबी वाटली.

तेव्हा पानावरनं उठून सून सगळ्यांसमोर बोलली. "आईसाहेब, ते उजळलं नाही. ते मेलंय. हा सांगाडा आहे."



"भरल्या पंगतीत असलं अभद्र बोलतात?" राणी कडाडली. "नव्या सुनेनं तोंड उघडायचं नसतं, एवढंपण शिकवलं नाही का?"

सुनेनं तोंड मिटलं.

दोन दिवसांनी टाकं नासलं. मासे उलटे तरंगायला लागले, महालभर घाण सुटली. राणी नाकाला पदर लावून म्हणाली, "मेल्या कोळणीनं खराब माल दिला. दुसरं आणा." खेकड्यानं आपलं घर पाठीवर घेतलं, टाक्याच्या काठावरनं उतरला आणि समुद्राच्या दिशेनं चालू लागला. पोचला असेल असं म्हणवत नाही. डोंगर मोठा आहे.

सून कुठं जाणार? ती राहिली. पुन्हा कधी हसली नाही, बोलली नाही, काही मागितलं नाही. उन्हात बसवली तर उन्हात, सावलीत बसवली तर सावलीत. दिवसेंदिवस पांढरी पडत गेली.

राणी बायांना कौतुकानं सांगायची, "पोवळं टिकलं नाही, पण सून बघा कशी छान रुळली. हूं नाही की चूं नाही!"

बाया मान डोलवायच्या. "भाग्य लागतं हो."

नवा जीव घरी आणलात तर आधी त्याला रुजू द्या, मग मिरवा. नाहीतर मिरवाल तो सांगाडाच.