खेळ कुणाचा आणि खराटा कुणाचा

फार पूर्वी, जनावरांचेही देश असायचे तेव्हा, अस्वलांच्या आणि लांडग्यांच्या देशांच्या मधोमध एक तळं होतं. हिवाळ्यात ते गोठलं की दोन्हीकडची पिल्लं त्यावर आइस हॉकी खेळायची. खेळाआधी दोन्ही काठांवरचे प्रेक्षक खराटे घेऊन उतरायचे आणि वर साचलेला भुसभुशीत बर्फ झाडून काढायचे. त्याशिवाय हॉकीची चकती घसरायचीच नाही.

एका हिवाळ्यात या प्रेक्षकांतच जुंपली.

"हा खेळ आमच्या रक्तात आहे!" अस्वलं गुरगुरली. "तुम्ही नुसते बघे!"

"आणि तुम्ही?" लांडगे खेकसले. "तुमची अर्धी जनता तर हिवाळाभर घोरत असते! खेळ आमचाच!"

भांडण संपेना आणि बर्फ थांबेना. चकती पार गाडली गेली. पिल्लं काठ्या घेऊन ताटकळत उभी राहिली.

"अहो, कुणीतरी झाडा ना," पिल्लं म्हणाली.

"खेळ त्यांचा आहे ना? मग झाडू देत त्यांनाच," अस्वलं म्हणाली.

"वा! रक्तात यांच्या, आणि खराटा आम्ही उचलायचा?" लांडगे म्हणाले.

बर्फाखालून चकती वैतागून ओरडली, "अरे, काल मालकांची नुसती झुंबड होती! आज एकही सापडू नये?"

एक म्हातारं अस्वल घसा खाकरत उठलं. चकतीला वाटलं, आला एकदाचा खराटा!

अस्वलाने पंजा उंचावून आरोळी ठोकली, "खेळ कुणाचा?"

दोन्ही काठ एका सुरात गरजले, "आमचाच!"